आरोनच्या शेजारची जागा

माझी धाकटी जाऊ रिबका मरायला टेकली तेव्हा तिला एकच गोष्ट हवी होती. पेणच्या आमच्या कबरस्तानात नवऱ्याच्या, म्हणजे माझ्या दिराच्या, आरोनच्या शेजारी जागा. आम्हा बेने इस्राएल ज्यूंची घरं पेणात आता बोटावर मोजण्याइतकी. बाकीचे ठाण्याला गेले, नाहीतर इस्रायलला. जे उरलेत ते मला विचारल्याशिवाय त्या कबरस्तानात कुदळ मारत नाहीत.

रिबका रोह्याला राहायची. आरोन गेल्यावर एकटी पडली, त्यात किडन्या बिघडल्या. जवळच्या वरसे गावातल्या ख्रिस्ती मंडळीतली काशीबाई तिला पेज आणायची, पाय चेपायची आणि चेपता चेपता येशूचं सांगायची. मी गेले नाही. पाय चेपणं हे थोरल्या जावेचं काम नव्हे. हळूहळू रिबका म्हणायला लागली की आम्ही ज्या तारणाऱ्याची वाट बघतो तो मशियाह येऊन गेला, येशू म्हणजे तोच.

तिचा मुलगा सॅमसन डोलवीला कंपनीत आहे. शिफ्ट सुटल्यावर तसाच माझ्या दारात आला आणि जागेचं विचारलं. मी म्हटलं, तुझ्या आईच्या घरी मालिदा करू, मी येते, मग बघू. त्यानं माझे हात धरले. त्याला वाटलं, काकी निवळली.

मालिदा आम्ही एलियाहू नबीच्या नावानं करतो. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, भोवती फळं. मशियाह यायच्या आधी हा एलियाहू येऊन वर्दी देणार, अशी आमची खात्री. त्याच्या ताटापुढं आमच्यात कोणी खोटं बोलत नाही.

पोहे मी पेणहून नेले, खोबरं स्वतः खवलं. रिबका उशांना टेकून बसलेली, काशीबाई उंबऱ्याजवळ. आमच्यात प्रार्थना चालवणाऱ्या हाजाननी प्रार्थना म्हटली. रिबकानं शब्द न् शब्द बरोबर म्हटला, आवाज अजून चांगला होता. मग मी ताट तिच्यापुढं ठेवलं.

"रिबका, ताटापुढं सांग. मशियाह आला, का यायचाय?"

असं विचारायची आपली रीत नाही, असं हाजान पुटपुटले. मी त्यांच्याकडे बघितलं, तसे ते केळं सोलायला लागले.

"आक्का, मी शनिवारचा शब्बाथ मोडला नाय," रिबका म्हणाली. "कोलंबी तोंडाला लावली नाय. तो पण आपल्यातलाच. त्याची आय पण शुक्रवारी दिवा लावायची. मी कुठं गेलेय?"

"आला म्हणतेस, तर लढाया का चालू हायत? तुझे पाय का सुजलेत? काम अर्ध्यावर टाकून गेला व्हय तुझा?"

"परत येणार हाय तो."

"गवंडी पण असंच सांगतो."

"तुमचा तर अजून घरातनंच निघाला नाय, आक्का."

सॅमसन हसला. हाजान हसले. काशीबाईनं तोंडाला पदर लावला. आमच्या घराण्यात मला कोणी हसलेलं नाही.

"बरं," मी म्हटलं. "मग आरोन एकटाच निजू दे." आणि चपला शोधायला लागले.

रिबकाचं तोंड पडलं. तिनं काशीबाईकडे बघितलं, मग ताटाकडे.

"यायचाय," ती म्हणाली. "अजून यायचाय."

सगळ्यांनी श्वास सोडला. सॅमसननं मूठभर मालिदा आईच्या हातावर ठेवायला घेतला. मी त्याचं मनगट धरलं.

"खोटं बोलली ही. एलियाहूच्या ताटापुढं. खरं बोलली असती तर एक वेळ विचार केला असता. मातीच्या तुकड्यासाठी आपला देव विकणारी बाय मला आमच्या मेलेल्यांत नको."

विचार मी तसाही केला नसता. पण ते तिला कळायचं कारण नव्हतं.

रिबका सॅमसनला म्हणाली, मला भिंतीकडे तोंड करून निजव. मग तशीच, पाठमोरी, तिनं काशीबाईला विचारलं, "तुमच्यातले घेतील काय गो मला? आताचं ऐकून?"

"घेतील गो," काशीबाई म्हणाली. "तिथं कोण इचारत नाय."

त्या आठवड्यातच ती गेली. मंडळीनं तिला रोह्याबाहेर त्यांच्या जागेत पुरलं. मला कोणी कळवलं नाही. हाजान मात्र जाऊन आले, कुंपणाबाहेर उभं राहून एकट्यानं कद्दीश, मेलेल्यांसाठीची प्रार्थना, म्हणून आले. दहा पुरुष नसतील तर त्याला काही अर्थ नाही, हे मी त्यांना सांगितलं.

पावसाळा सरल्यावर सॅमसन पुन्हा आला. या वेळी बसला नाही, पाणीही घेतलं नाही. बापाची हाडं काढून आईशेजारी नेऊ द्या, म्हणाला.

मी सांगितलं, आमच्यात पुरलेलं माणूस असं उकरत नाहीत. मशियाह आला की सगळे उठतील, तेव्हा आरोन शोधील तिला.

"तवर दोघं वेगळीच, काकी?"

"व्हय," मी म्हटलं. "तवर."