हात दाखवला नाही

हे फौजेतून रिटायर झाले अन् नवा रायपुरात नोकरी धरली. सकाळी कार घेऊन जातात. मी दिवसभर सेक्टरातल्या रिकाम्या, रुंद रस्त्यांच्या मधात कोंडून पडली असते.

जपानमधले शेवटचे महिने आठवतात. वकिलातीतली यांची पोस्टिंग संपत आली होती, म्हणून रोज संध्याकाळी आम्ही कामाशिवाय बसनं शेवटच्या थांब्यापर्यंत जायचो. नुसतं उभं राहिलं की बस थांबायची. शेजारच्या सातो नावाच्या आजी आम्हाला निरोप देत बस वळेपर्यंत दोन्ही हात हलवत उभ्या राहायच्या.

आज दुपारी इथल्या थांब्यावर तासभर उभी होती. बस आली अन् न थांबता निघून गेली. यांना फोन केला.

"हात काहून नाही दाखवला, माया? इथं आपोआप थांबते थोडीच."

"मग थांबा कायले बांधला?" म्हणून मी फोन ठेवला.

दुसरी बस दिसली तसे मी दोन्ही हात जोरजोरानं हलवले. ड्रायव्हरनं हसून हात हलवला अन् गाडी पुढं नेली. बस वळेपर्यंत माझे हात हलतच राहिले.