स्वयंपाकघरातल्या चपला

टाच नक्की कधी दुखायला लागली, हे कालिंदीला डॉक्टरांपुढंही नीट सांगता आलं नाही. नवरा गेला त्या उन्हाळ्यात दुखत नव्हती, शाळा सुरू झाली तेव्हा दुखत होती. मधले दिवस कसे गेले ते तिच्या ध्यानातच राहिले नव्हते. त्या दिवसांतच कधीतरी हे दुखणं पायात शिरलं होतं.

नृसिंहराव कचेरीत कारकून होते. दुपारच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला, पोळीचा तुकडा मोडला आणि टेबलावर मान टाकली, ती टाकलीच. पन्नाशीही गाठली नव्हती. राजारामपुरीतल्या तीन खोल्यांच्या घरात मागं दोघी उरल्या. एक कालिंदी, मुलींच्या शाळेत शिक्षिका. दुसऱ्या अक्का, नृसिंहरावांची थोरली बहीण. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं तेव्हा त्या माहेरी आल्या, आणि पुढं भावाच्या संसारातच राहिल्या. घरात मूलबाळ नव्हतं.

माणसं भेटायला येत. कालिंदी त्यांना चहा करून देई, कपबशा विसळून पालथ्या घाली. 'बाई अजून रडल्या नाहीत हो,' अशी कुजबुज एकदा तिच्या कानावर आली, पण तिला त्याचं वाईटही वाटलं नाही. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं वाटतं, असं लोक म्हणतात. तिला तसंही वाटत नव्हतं. आत काहीच नव्हतं. शाळेत फळ्यावरचं गणित चुकत नव्हतं, साडीच्या निऱ्या चुकत नव्हत्या. हे सगळं कुणीतरी दुसरीच बाई करतेय आणि आपण खिडकीतून बघतोय, असं काहीसं चाललं होतं.

टाच मात्र दुखत होती. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा शिरल्यासारखं होई. भिंत धरून चार पावलं टाकली की जरा सैल पडे. मग शाळेत दिवसभर उभं राहून शिकवायचं. खुर्ची होती, पण खुर्चीवर बसून शिकवणं मोठ्या बाईंना खपत नसे. संध्याकाळी घरी येईतो पुन्हा तोच खिळा. तिनं कुणाला सांगितलं नाही. चवड्यावर भार देऊन चालायची सवय करून घेतली.

पहिल्यांदा ते दिसलं झुंबरबाईला. ही उचगावची बाई रोज सकाळी म्हशीचं दूध घालायला येई. चरवी दारात टेकवून ती कालिंदीच्या पायांकडं बघतच राहिली.

"अवं बाई, अशा का लंगडताय? काटा मोडलाय व्हय?"

"नाही. टाच दुखते जराशी."

"कवाधरनं?"

"झाले की दोन-तीन महिने."

"आन् गप बसलाय? कमालच हाय की तुमची!" झुंबरबाईचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "वीट तापवायची, त्येच्यावर रुईची पानं ठिवायची आन् टाच दाबून धरायची. माझ्या सासूची टाच त्येनंच दुखायची ऱ्हायली. उद्या मी पानं घिऊन येतो बगा."

दुसऱ्या दिवशी तिनं खरंच पानं आणली. अक्कांनी शेगडीवर वीट तापवली. पानांतून वाफ आली, कडवट वास सुटला आणि कालिंदीनं टाच दाबून धरली. शेक बरा वाटला. रात्रीपुरता आराम पडला, पण सकाळी पहिल्या पावलाला खिळा होताच. मग अक्कांनी काशाची वाटी काढली, तूप घेतलं आणि "पाय इकडं कर," म्हणाल्या. थोरल्या नणंदेनं आपल्या पायाला हात लावायचा, हे कालिंदीला रुचेना. तिनं पाय साडीखाली ओढून घेतला. अक्कांनी वाटी तिच्यापुढं सरकवली आणि त्या उठून गेल्या.

शेवटी ती डॉक्टरांकडं गेली. दवाखाना घराजवळच होता. डॉक्टरांनी टाचेत अंगठा रुतवला तेव्हा तिनं ओठ घट्ट मिटले. मग त्यांनी पायाचा फोटो काढायला लावला आणि तो उजेडात धरला.

"टाचेच्या हाडाला हे असं टोक आलंय. पण सगळा दोष त्याचाच नाही. तळव्याची शीर ताणली गेलीय. सकाळी पाय खाली सोडायच्या आधी चवड्याला टॉवेल अडकवायचा आणि पाऊल आपल्याकडं ओढायचं. बाटलीत गार पाणी भरून तिच्यावर तळवा फिरवायचा. उभं राहणं कमी करा. आणि घरात फरशीवर अनवाणी चालायचं नाही. मऊ रबरी स्लीपर घालायची. स्वयंपाक करतानासुद्धा."

"स्वयंपाकघरात?"

"तिथली फरशी काय कापसाची आहे?"

तिनं येतानाच स्लीपर घेतल्या. पुढच्या खोलीत घातल्या, माजघरातून चालत गेली, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अक्कांचा आवाज आला.

"त्या बाहेर."

ओट्याच्या शेजारीच देव्हारा होता. सासऱ्यांच्या वेळेपासूनचा शिसवी देव्हारा. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, अंबाबाईचा टाक. तिथं चपला नेणं म्हणजे देवळात चपला नेणं. कालिंदीला ते कळत होतं. तिनं वाद घातला नाही. वाद घालायला मनात काहीतरी पेटावं लागतं. तिनं उंबऱ्याबाहेर स्लीपर काढल्या आणि अनवाणी आत जाऊन कुकर लावला. मग दिवसभर तेच. उंबऱ्याशी काढायच्या, उंबऱ्याशी घालायच्या. खरं उभं राहणं होतं ते आत ओट्यापाशी, शहाबादी फरशीवर. हा ओटा नृसिंहरावांनीच हौसेनं बांधून घेतला होता, बायकोला खाली बसून स्वयंपाक करायला नको म्हणून.

गणपती झाले, दसरा झाला. एका सकाळी कालिंदी तांदूळ धुऊन वळली आणि टाचेतून अशी कळ गेली की हातातलं पातेलं सुटलं. तांदूळ फरशीभर झाले. तिनं ते गोळा केले, पुन्हा धुतले, शिजत ठेवले. मग अक्कांना म्हणाली, "अक्का, उद्यापासून मी स्वयंपाकघरात येत नाही."

ती रागावून बोलली नव्हती. आज चित्रकलेचा तास नाही, असं वर्गात सांगावं तसं तिनं ते सांगितलं. अक्कांनी मान हलवली.

तेव्हापासून घराचे दोन भाग पडले. आतला अक्कांचा, बाहेरचा कालिंदीचा. भाजी निवडून, पीठ चाळून ती उंबऱ्यावर ठेवी. अक्का ताट वाढून उंबऱ्यावर सरकवत आणि ती माजघरात बसून जेवे. भांडण नव्हतं. बोलणंही फारसं नव्हतं. आधी दोघींच्या मधे बोलायला नृसिंहराव होते. एकीचं दुसरीला सांगायचं ते त्यांच्या तोंडून जाई. आता तो दुवाच उरला नव्हता.

अक्कांना मोतीबिंदूनं अंधुक दिसत होतं. दूध वर आलं की नाही हे त्यांना वाफेच्या वासावरून ओळखावं लागे. एका रात्री त्यांनी वाढलेली भाकरी एका बाजूनं पार कोळसा झाली होती. आपल्या ताटातला घास तोंडात घातल्यावर त्यांना ते कळलं. त्या उंबऱ्याशी येऊन उभ्या राहिल्या. कालिंदी जेवत होती. अर्धी भाकरी संपली होती.

"करपलीय ती," अक्का म्हणाल्या.

"हो का?"

"अगं, काळी ठिक्कर आहे. कडू लागत नाही तुला?"

कालिंदीनं हातातल्या तुकड्याकडं बघितलं. "लागत असेल," ती म्हणाली, आणि तो तुकडा आमटीत बुडवून खाल्ला.

अक्का आत वळल्या.

दुसऱ्या दिवशी कालिंदी शाळेतून आली तर शेजारचा बाळासो घरातून बाहेर पडत होता. उद्यमनगरात लेथवर काम करणारा हा आडदांड गडी घाम पुसत होता.

"लई वजन हाय की देव्हाऱ्याला," तो म्हणाला. "पर आणला एका दमात. अक्का म्हनल्या, देव जरा हवेशीर बसूद्यात."

देव्हारा माजघरात पूर्वेच्या भिंतीला लागला होता. अक्का खाली बसून तबकातले देव एकेक करून आत ठेवत होत्या. चाचपून, बोटांनी ओळखून.

"हे काय केलंत?" कालिंदीनं विचारलं.

"नैवेद्य इथवर आणता येतो. देवांना काही ओट्याशी उभं राहायचं नसतं." त्यांनी अन्नपूर्णा सरळ केली. "जा, चपला घाल आणि चहा टाक. मला आता दूध कुठं उतू जातंय ते दिसत नाही."

कालिंदी स्लीपर घालून स्वयंपाकघरात गेली. देव्हारा होता तिथं भिंतीवर चौकोनी उजळ डाग राहिला होता. तिनं आधण ठेवलं. अशा वेळी माणसाचा ऊर भरून येतो, हे तिला ठाऊक होतं. ती थोडा वेळ तशीच थांबली. काही आलं नाही. पायाखाली मऊ लागत होतं, एवढंच. पाणी उकळलं तशी तिनं चहा टाकला.

टाच लगेच बरी झाली नाही. रोज सकाळी टॉवेल, संध्याकाळी बाटली, अधूनमधून झुंबरबाईची पानं. मोठ्या बाईंना तिनं डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली आणि खुर्चीवर बसून शिकवायला लागली. त्यानं दुखणं थोडं निवळलं. पण पुरतं जाईना. माघातल्या थंडीत डॉक्टरांनी त्या टाचेत सुई दिली. सुई जाताना जीव गेल्यासारखं झालं आणि मग एकदम सगळं शांत झालं. टाच आहे की नाही तेच कळेना.

"लगेच हुंदडू नका," डॉक्टर म्हणाले. "ही बधिर झालीय, बरी नाही झालेली. आत काय ते तसंच आहे."

घरी आल्यावर तिनं ते जसंच्या तसं अक्कांना सांगितलं. अक्का माजघरात मेथी निवडत बसल्या होत्या.

"असंच असतं," त्या म्हणाल्या. "आमचे हे गेले तेव्हा मी रडले नाही. सासूबाई म्हणाल्या, पांढऱ्या पायाची ती पांढऱ्या पायाची, वर दगडाच्या काळजाची. पुढं बऱ्याच वर्षांनी एकदा अशीच भाजी निवडत होते. नृसिंह शाळेतून आला, भूक लागली म्हणाला. त्यात रडण्यासारखं काय होतं? पण मी अशी रडले, अशी रडले, की तो घाबरून शेजारी पळाला."

"कशानं आलं होतं?"

"काय माहीत. मीही विचारलं नाही." त्यांनी एक काडी मोडली. "तुला आलं तर येईल. नाही आलं तरी माझं काही म्हणणं नाही."

कालिंदीनं पाटीतली अर्धी जुडी आपल्यापुढं ओढली.

वर्षश्राद्ध आलं. सांगलीहून नृसिंहरावांचे चुलतभाऊ दादा आले, भटजी आले. घरात पाऊल टाकताच दादांना देव्हारा दिसला, आणि पाठोपाठ ओट्यापाशी उभ्या असलेल्या कालिंदीच्या पायांतल्या स्लीपर.

"हे काय चाललंय?" ते दारातूनच ओरडले. "अक्का, श्राद्धाचा स्वयंपाक चपला घालून? नृसिंहाला पोचेल का हे?"

कालिंदीनं निमूटपणं पाय स्लीपरमधून काढला. एका दिवसाचा तर प्रश्न. तोवर अक्का मधे आल्या.

"घाल ती," त्या कालिंदीला म्हणाल्या. मग दादांकडं वळल्या. "नृसिंहाला तिच्याच हातचं लागायचं. तो काही तिच्या पायांकडं बघून जेवत नव्हता. तुला चालत नसेल तर ये, सोवळं नेस आणि तू कर. मी तांदूळ काढून देते."

दादांनी भटजींकडं बघितलं. भटजींनी दर्भ सोडवायला घेतला आणि म्हणाले, "ऊन वर चढायच्या आत आटपू या."

दादा जेवले, पण पान अर्धं टाकलं. भटजींनी मात्र खीर मागून घेतली. दादा दुपारच्याच गाडीनं गेले, जाताना कालिंदीशी बोलले नाहीत.

पहाटेपासून ती उभी होती. स्लीपर असल्या तरी टाचेला सगळं पोचलं होतं. भांडी घासून झाल्यावर ती मागच्या दाराच्या पायरीवर बसली. अक्का बाहेर आल्या.

"टाच कशी आहे?"

कुणीही विचारलं तरी 'बरी आहे' म्हणायची तिची रीत होती. तिनं तोंड उघडलं आणि शब्द भलतेच आले.

"दुखतेय हो, अक्का."

"फार?"

"फार. सकाळपासनं. वर पोटरीपर्यंत गेलंय."

अक्कांनी बंबातलं पाणी बादलीत काढलं, मूठभर मीठ टाकलं आणि बादली पायरीशी आणून ठेवली. कालिंदीनं दोन्ही पाय आत सोडले. पाणी चांगलंच कढत होतं. तिनं पाय काढले नाहीत. अक्का शेजारी पायरीवर टेकल्या, त्यांनी पदरानं घाम पुसला. परसात शेजाऱ्यांच्या कोंबड्या माती उकरत होत्या.

"निवलं की सांग," अक्का म्हणाल्या. "बंबात अजून आहे."