बासष्ट रंग ऐकणारा ॲड-इन

मी एक जुना ॲड-इन आहे, मित्रांनो. मला हात नाहीत, पाय नाहीत, रूपाचं तर विचारूच नका. मला आहेत ते फक्त कान. कॉम्प्युटरचे प्रोग्राम ज्यात लिहितात त्याला एडिटर म्हणतात. त्या एडिटरला चिकटून राहणारा मी एक छोटासा प्रोग्राम. मत्सरी लोक मला बांडगूळ म्हणतात, मी स्वतःला मदतनीस म्हणतो.

एका कामाच्या सगळ्या फाइली मिळून एक प्रोजेक्ट होतो. प्रोजेक्ट उघडला, बंद झाला, त्यात नवी फाइल आली, एखादीचं नाव बदललं, एखादीला काढून टाकलं, की एडिटर हाक देतो. ज्याला कान असतील त्याने ऐकावं. मी ऐकायचो आणि नोंद ठेवायचो. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं बिऱ्हाड हललं, याची बित्तंबातमी ठेवणाऱ्या काकू प्रत्येक चाळीत असतात ना, तसंच माझं काम. फक्त मी पदरचं काही घालत नसे.

१९९८ साली उल्हासनगर कॅम्प चारमध्ये, एका फर्निचरच्या वर्कशॉपवरच्या खोलीत माझा जन्म झाला. खाली दिवसभर रंधा चालायचा आणि वर सरस्वतीची बोटं. सरस्वती सोनिवलीची, शेतकऱ्याच्या घरातली पहिली पदवीधर मुलगी. तिनेच मला लिहिलं. ऑफिसचे मालक हरिचंद्र सर विठ्ठलवाडीला राहायचे. त्यांनी आधी वीस वर्षं एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं होतं. तिथे प्रत्येक नटबोल्टला नंबर असायचा. ती शिस्त त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की ऑफिसच्या स्टुलावरसुद्धा त्यांनी नंबर रंगवला होता.

खरं सांगतो, मी बहिराच जन्मलो. सरस्वतीने माझे कान एका लहानशा कामापुरते बनवले होते. काम संपलं की त्यापुरत्या वस्तू कॉम्प्युटर झाडून टाकतो. त्यात माझे कानही गेले. एडिटर हाका मारतोय आणि मी आपला ठोंब्यासारखा बसलोय.

"काय गं, हा खरंच बहिरा आहे की कामचुकार?" हरिचंद्र सरांनी विचारलं.

"सर, चूक माझी आहे. त्याला बोलू नका," सरस्वती म्हणाली. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

तिसऱ्या दिवशी तिला चूक सापडली. तिने माझे कान कायमच्या जागी ठेवले आणि मला पहिली हाक ऐकू आली: फाइल आली! मी हरखून गेलो.

पण कान आले तरी अक्कल यायची होती. फाइल आली की मी तिची प्रत काढून त्याच प्रोजेक्टमध्ये ठेवायचो. आता प्रत ठेवली म्हणजे नवी फाइल आलीच की! एडिटर पुन्हा हाक द्यायचा, मी प्रतीची प्रत काढायचो, मग त्या प्रतीची. सरस्वती डबा खाऊन हात धुऊन येईपर्यंत डिस्क गच्च भरली होती. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग तिने मला नियम घालून दिला. फाइल आली किंवा सेव्ह झाली तर नुसती नोंद करायची. प्रत काढायची ती फाइलीचं नाव बदलताना किंवा ती काढून टाकताना, आणि तीही दुसऱ्या फोल्डरमध्ये.

माझी आणखी एक खोड होती. एडिटर सुरू झाल्यावर जो प्रोजेक्ट पहिल्यांदा उघडेल, त्यालाच मी कान लावून बसायचो. तो बंद करून दुसरा उघडला तरी माझे कान पहिल्याच्याच दाराशी. तिने तेही सुधारलं. जुना बंद होताच कान काढायचा, नवा उघडताच लावायचा. हे तिने बुधवारी लिहिलं. तपासून पाहायला मात्र वेळ मिळाला नाही, कारण शनिवार तोंडावर आला होता.

शनिवारी अंबरनाथच्या एका डाइंगमधले, म्हणजे सूत रंगवायच्या कारखान्यातले, रंगमास्तर धोंडिबा निवृत्त होऊन गावी जाणार होते. त्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांना लिहितावाचता येत नसे. सगळ्या कृती डोक्यात. त्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचं काम आमच्याकडे आलं होतं. रोज पाळी सुटली की मास्तर येऊन बसत आणि एकच रंग सांगत. "एका दिसात दोन रंग सांगितलं की दोन्ही मळत्यात," असं त्यांचं म्हणणं. सरस्वती प्रत्येक रंगाची वेगळी फाइल करायची. असे बासष्ट दिवस गेले आणि बासष्ट फाइली झाल्या.

गुरुवारी संध्याकाळी सरस्वती लवकर घरी गेली आणि हरिचंद्र सर एडिटरसमोर बसले. आधी त्यांनी शाळेच्या दाखल्यांचा प्रोजेक्ट उघडला, मग तो बंद करून रंगांचा. डाळिंबी, मोरपंखी, कोनफळी ही नावं पाहून त्यांच्यातला स्टोअरकीपर जागा झाला. त्यांनी फाइलींना एक, दोन, तीन असे नंबर दिले. शेवटच्या अकरा फाइली गडद आणि फिकट छटांच्या होत्या. वरच्या ओळी आधीच्यांसारख्याच दिसल्या, म्हणून जादाचा माल समजून त्यांनी त्या काढल्या आणि डिस्कवरूनही पुसल्या. मग समाधानाने दिवा बंद करून घरी गेले.

शुक्रवारी सकाळी सरस्वतीचा चेहरा पांढराफटक पडला.

"सर, त्या फाइली डुप्लिकेट नव्हत्या हो! फ्लॉपीवरची कॉपी पंधरा दिवसांपूर्वीची आहे. हे अकरा रंग त्याच्यानंतरचे."

हरिचंद्र सर मटकन बसले, त्याच नंबर रंगवलेल्या स्टुलावर. "मास्तरांना परत विचारू या ना."

"रोज एक रंग, सर. अकरा रंगांना अकरा दिवस. मास्तर उद्या जाणार."

मग तिला माझी आठवण झाली. पण काल सरांनी आधी दुसरा प्रोजेक्ट उघडला होता हे कळताच तिचे हात थबकले. माझे कान वेळेवर हलले होते की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं! पण मला तोंड कुठे होतं? उघड ना गं माझी नोंदींची वही, असं मी मनातल्या मनात ओरडत होतो.

तिने वही उघडली. दाखल्यांचा प्रोजेक्ट बंद, कान काढला. रंगांचा प्रोजेक्ट उघडला, कान लावला. त्याखाली प्रत्येक फाइलीचं जुनं नाव आणि नवं नाव, आणि शेवटी काढलेल्या अकरा फाइली, प्रतींसकट. सरस्वतीने टेबलावर असा हात आपटला की खालचा रंधासुद्धा थांबला.

"वाचवलंस रे बाबा!" हरिचंद्र सर पडद्याला हात जोडून म्हणाले. "तुला मी बहिरा म्हणालो होतो. माफ कर."

शनिवारी रिक्षात कॉम्प्युटर मांडीवर घेऊन दोघं अंबरनाथला गेले. परत आणलेल्या फाइलींतली गडद डाळिंबी करून पाहायची ठरली. सूत धुणाऱ्या चांगुणाबाईंना सरस्वती एकेक ओळ वाचून दाखवत होती आणि त्या तसं करत होत्या. पाणी तापेपर्यंत हरिचंद्र सरांनी आपला पराक्रम सगळ्यांना हसत हसत सांगितला. मास्तर मात्र हसले नाहीत.

सुताची लडी बाहेर आली. रंग एकसारखा धरलाच नव्हता. कुठे गडद, कुठे फिकट, नुसते चट्टे. सरस्वतीचे डोळे भरून आले. "फाइल खराब झाली असेल," ती म्हणाली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"तुजी फाइल बराबर हाय, पोरी," गावी न्यायची पिशवी उचलता उचलता मास्तर हळूच म्हणाले. "म्याच एक गोष्ट मागं ठिवली व्हती. माझ्या उस्तादानं मला बी आठ वर्सं सांगितली न्हवती. रंगाच्या पाण्यात मीठ एकदम टाकायचं न्हाई. तीन बारीनं, थोडं थोडं. समद्या रंगांना त्येच."

"मग आज का सांगितलं, मास्तर?"

"तू माझी चुकीची कृती एवढी जपलीस. मग बराबर कृती कुनाजवळ ठिवू?"

सरस्वतीने ओळ बदलली. एडिटरने हाक दिली आणि मी नोंद केली: गडद डाळिंबी, सेव्ह. चांगुणाबाईंनी दुसरी लडी बुडवली. तासाभराने ती उन्हात धरली तेव्हा सगळं डाइंग बघायला गोळा झालं. मास्तरांनी ती गालाला लावली आणि म्हणाले, "आता जातो."

पुढच्याच वर्षी नवा एडिटर आला. त्याच्या हाका मला कळत नाहीत. मी आता एका फ्लॉपीवर, हरिचंद्र सरांच्या खणात असतो. वाईट वाटतं कधी कधी, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, एवढं माझं ऐका. ज्याला काही येतं त्याच्याजवळ बसा, तो सांगेल ते जपून ठेवा, अर्धवट वाटलं तरी ठेवा. आणि तो जायला उठला की तुम्ही लगेच उठू नका. मास्तरांनी मिठाची गोष्ट पिशवी उचलताना सांगितली.