मॅडमनी बोलायचं नाही

शाळेच्या मुलींना अकरा वर्षं व्हॉलीबॉल शिकवणाऱ्या मॅडमना मुली पाठीमागे 'भोंगा' म्हणत, आणि ते मॅडमना ठाऊक होतं. आवाजच तसा होता. पण हल्ली त्यांचं डोकं वेगळ्याच गोष्टीनं उठायचं. मुली स्वतःहून काही करेनात. "मॅडम, पाणी पिऊ?" "मॅडम, नेट सैल झालंय, ओढू?" "मॅडम, चेंडू गटारात पडलाय." पडलाय तर काढा ना! पण नाही. बाराच्या बारा जणी गटाराभोवती उभ्या राहून मॅडमची वाट बघायच्या.

"या पोरींना नाक पुसायलाही माझी परवानगी लागते," त्या एकदा मुख्याध्यापिकेच्या खोलीत तावातावानं म्हणाल्या.

मुख्याध्यापिकेनं कागदांतून डोकंही वर काढलं नाही. "मग देऊच नका. यंदा कॅप्टन मुलींनी निवडायची. कोण खेळणार, कोण बाहेर बसणार, सगळं तिनं ठरवायचं. तुम्ही अवाक्षर काढायचं नाही."

"आणि हरल्या तर?"

"तर हरल्या."

मॅडमना वाटलं, मुली आपल्या लेकीलाच निवडणार. लेक नववीत, संघात सगळ्यांत उंच, तिचा स्मॅश भल्याभल्यांना अडवता येत नसे. मुलींनी निवडलं मुंगीला. मुंगी म्हणजे इतरांना स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारी बुटकी पोर. उडी मारली तरी नेटच्या वर जेमतेम बोटं दिसायची.

"हिला? हिला कशाला?"

"आम्ही ठरवलंय मॅडम," मुली म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदा पोरींनी काही ठरवलं, तेही नेमकं हेच!

पहिल्या सामन्यात एक सेट जिंकला, एक हरला. तिसऱ्यात लेकीचे दोन फटके बाहेर गेले, तिसरा नेटमध्ये अडकला. मुंगीनं पंचांकडे हात केला आणि लेकीला बाहेर काढलं. तिच्या जागी आली एक गोबऱ्या गालांची मुलगी. ती सर्व्हिस करताना डोळे मिटून घ्यायची. मॅडमच्या तोंडापर्यंत शब्द आले, त्यांनी ते कसेबसे गिळले. दोन गुणांनी सामना गेला.

घरी आल्यावर लेकीनं बूट भिरकावले. "तू काहीच का बोलली नाहीस?"

"मला बंदी आहे."

"एरवी कुठे थांबतेस?"

घड्याळं दुरुस्त करणारे तिचे बाबा भिंग डोळ्यावरून काढत म्हणाले, "लग्नानंतरच्या सोळा वर्षांत तू पहिल्यांदा गप्प बसलीस, आणि ते बघायला मी नव्हतो."

मॅडमनी त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मुंगीला खेळाच्या सामानाच्या खोलीत गाठलं. ती चेंडूत हवा भरत होती.

"का काढलंस तिला?"

मुंगीनं पंप थांबवला. "ती प्रत्येक फटक्यानंतर तुमच्याकडे बघत होती. आणि तुम्ही कपाळावर हात मारत होता. मग तिचा पुढचा फटका आणखी वाईट जायचा."

"मी एक शब्दही बोलले नाही!"

"तुम्ही नाही बोललात. पण तुमचा चेहरा भोंग्यापेक्षा..." मुंगी कानापर्यंत लाल झाली.

मॅडमनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "मग तिला परत कधी घेणार?"

"पुढच्या सामन्याला. आज सकाळी आमचं बोलणं झालं. आधी ती खूप भांडली, मग ठीक झाली."

"मला कुणी सांगितलं नाही ते!"

"तुम्हाला सांगायचं नाही असंच ठरलंय ना?" मुंगीनं पंपाचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. "आणि मॅडम, रागावू नका, पण पुढच्या वेळी तुम्ही जरा लांब बसाल? तिला दिसणार नाही असं?"

वर्षभर मी कानीकपाळी ओरडले, की स्वतःचं स्वतः ठरवा. आणि कार्ट्यांनी ठरवलं काय, तर मलाच हाकलायचं! मॅडमना हसावं की हिला एक धपाटा घालावा, कळेना. "बसेन," त्या म्हणाल्या.

पुढच्या सामन्याला त्या सगळ्यांत वरच्या पायरीवर, जाडजूड खांबाआड बसल्या. तिथून अर्धंच मैदान दिसत होतं, तेही समोरच्या संघाचं. शेजारी कुणाचे तरी आजोबा होते. मॅडम दर मिनिटाला त्यांना विचारत, "काय झालं?"

"तुमच्या उंच पोरीनं बाहेर मारला. आता ती बुटकी तिच्या कानात काहीतरी सांगतेय. हसतायत दोघी."

"हसतायत? बाहेर मारून हसतायत?"

"मारला, मारला! आत पडला!" आजोबा उठून टाळ्या वाजवू लागले, आणि मग त्यांना आठवलं की आपली नात पलीकडच्या संघात आहे.

मुली जिंकल्या. खालच्या आरडाओरड्यावरूनच मॅडमना ते कळलं. दहा मिनिटं झाली तरी त्यांना बोलवायला कुणी आलं नाही. अखेर लेक धापा टाकत वर आली.

"आई, चल ना, सगळ्या थांबल्यात!"

"बाहेर मारल्यावर हसत काय होतीस गं? काय म्हणाली मुंगी?"

लेक घामेजल्या चेहऱ्यानं हसली. "ते आमच्या संघातलं आहे."

मॅडमनी तोंड उघडलं, मिटलं, आणि पिशवी खांद्याला लावून तिच्यामागे पायऱ्या उतरू लागल्या.