तिसरी हाक

धाकट्याच्या तोंडातून आवाज काढायचा म्हणजे विहिरीतून घागर काढण्यापेक्षा जड काम. आमटी हवी असली तरी पठ्ठ्या वाटी चमच्यानं वाजवायचा. आणि असल्या मुखदुर्बळाला नोकरी कसली, तर कोर्टाच्या दारात उभं राहून नावं पुकारायची! तीही बापाच्या जागेवर. गल्लीत कुणी विचारलं, तर त्याची आई, म्हणजे गल्लीच्या काकू, सांगत, "जातो ना कोर्टात. आवाज तेवढा घरी विसरतो."

त्या दिवशी सकाळी समोरची शिवणवाली रडतच आली.

"काकू, माझ्या नावानं वॉरंट निघालंय हो! हवालदार दुकानात येऊन गेला, गिऱ्हाइकांसमोर. आज हजर नाही झाले तर धरून नेणार म्हणतोय."

शेजारच्या दुकानातल्या मारामारीची ती साक्षीदार. पहिल्या तारखेला ताप होता म्हणून गेली नाही. दुसऱ्या तारखेला गेली, पण व्हरांड्यातली बाकं भरलेली, म्हणून जिन्यात बसली. संध्याकाळपर्यंत तिला कुणी बोलावलंच नाही.

"पुकारलं असेल की," काकू म्हणाल्या. "आमच्या बाळानं. स्वतःच्याच कानात."

बोलून गेल्या आणि चरकल्या. हे कोर्टात निघालं तर पोराच्या नोकरीवर गदा येणार. आणि झाकलं तर ही बिचारी विनाकारण खोटी ठरणार.

काकूंना यजमानांचे बूट आठवले. पहिली हाक ते दारात मारत, दुसरी व्हरांड्याच्या टोकाला. मग खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागत. बांधलेलीच नाडी सोडायची आणि पुन्हा बांधायची! तेवढ्यात कुणी धापा टाकत जिना चढून येई. कुणीच आलं नाही, तर जिन्याच्या तोंडाशी जाऊन तिसरी हाक. ती पार रस्त्यावरच्या सायकलवाल्याला ऐकू जायची. कागदावर नुसतं नाव असलं तरी पुढे 'बाई' नाहीतर 'राव' हे स्वतःच्या पदरचं. घरी मात्र घसा जपत, कुजबुजल्यासारखं बोलत. नाड्यांना इतकी कसली कीड लागते म्हणून काकू कितीदा डाफरल्या असतील. आता डाफरायला माणूस नाही, आणि बूट अजून कपाटाखाली.

"चल," त्या उठल्या. "जिन्यात होतीस, तेवढं खरं सांग. पुढचं आमचा बाळ बघेल."

कोर्टात धाकटा दारातच उभा होता. आईला पाहून त्याचा चेहरा उतरला. काकू मागच्या बाकावर जाऊन बसल्या.

शिवणवालीनं हात जोडून सगळं सांगितलं. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "घाबरू नका. वॉरंट म्हणजे शिक्षा नाही. बोलावणं पोचूनही माणूस येत नसेल, तर त्याला आणण्यासाठी ते काढावं लागतं. एकदा तुम्हाला सवड दिली होती. दुसऱ्यांदाही पुकाऱ्याला कुणी आलं नाही. दाराबाहेरचं मला इथून दिसत नाही, बाई." मग त्यांनी दाराकडे पाहिलं. "जिन्यापर्यंत गेला होतात का?"

हो म्हटलं असतं तर कोण पुरावा मागणार होतं? काकूंनी पदर मुठीत आवळला.

"नाही, साहेब," धाकटा म्हणाला. "दारातूनच पुकारलं. दोनदाच." आवाज इतका खणखणीत निघाला, की लिहिणाऱ्या कारकुनानं मान वर केली.

वॉरंट रद्द झालं. साक्षही तिथल्या तिथे घेतली. धाकट्याला मात्र लेखी खुलासा द्यायला सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत तो आईसमोर येऊन उभा राहिला, मान खाली घालून. काकूंनी त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. पायात बिननाडीचे, पटकन सरकवायचे बूट.

"कामात चुकलास, तर साहेब काय देतील ती शिक्षा निमूट घ्यायची. मी रदबदली करणार नाही," त्या म्हणाल्या. "पण खोटं बोलला नाहीस. आवाज आहे तुझ्यात, मी ऐकलाय, आता सबब चालायची नाही. आणि हे असले बूट घालून उद्या इथे यायचं नाही. कपाटाखालचे काढून ठेवते. नाड्या नव्या आण."