पाण्यावरून जाते का घंटा

ज्या माणसाने आजवर मोबाइलला हात लावला नाही, तो सकाळी कॉफी पिता पिता म्हणाला, "राइली, ते पडलंबिडलं तर दाबायचं, गळ्यात घालायचं बटण मागव." माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

"कुणासाठी?"

"म्हातारा झालोय."

"ते कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून असेल." बाबांनी राय धान्याच्या काळ्या पावाला लोणी लावायला घेतलं. आमच्या फिनलंडच्या सावो भागात कुणी सरळ उत्तर दिलं तर ऐकणाराच घाबरतो, त्यामुळे मी पुढे ताणलं नाही. पण जाता जाता त्यांनी एक विचारलंच. "ती घंटा पाण्यावरून जाते का?"

आमच्या घरासमोर तळं आहे आणि तळ्यापलीकडे एल्वी राहते. एल्वी विधवा आहे, तिचा चेहरा अजून छान आहे, आणि दर थोड्या दिवसांनी तिला बाबांसाठी मासे भरलेला पाव भाजून आणायची माया दाटून येते. पाणी कुठे मुरतंय ते मला कळलं. किंवा कळलं असं वाटलं.

आणि राग एल्वीपुरता नव्हताच. असंच बटण सहा वर्षांपूर्वी गावच्या नर्सबाई आईसाठी घेऊन आल्या होत्या. "साइमीबाईंचा तोल जातो, असू दे गळ्यात," असं म्हणत होत्या. बाबांनी त्यांना कॉफी पाजली आणि बटण परत दिलं. म्हणाले, "मी आहे ना दिवसभर. मीच हिची घंटा."

त्याच ऑक्टोबरात, शनिवारी, सौना, म्हणजे आमचं वाफेच्या अंघोळीचं खोपट, पेटवून आई अंघोळीला आधी गेली. बाबा होडी घेऊन गेले. परतले तेव्हा आई सौनाच्या बाहेरच्या खोलीत फरशीवर पडलेली होती. कुणी थोडं लवकर पोचलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य अर्धवट सोडलं. बाबांनी सगळ्यांना सांगितलं की मी तळ्यातल्या बोडक्या बेटाशी जाळं ओढत होतो. सगळ्यांनी मान डोलावली. पण मी कुओपिओ शहरातून धावत आले तेव्हा होडी पाहिली होती. होडीत एकही मासा नव्हता.

मग जाळं ओढत होते तर मासे कुठे गेले? हा प्रश्न मी त्यांना कधी विचारला नाही आणि एक दिवसही विसरले नाही. आई फरशीवर पडली होती तेव्हा हा माणूस एल्वीच्या टेबलाशी बसून कॉफीत पुल्ला, तो वेलचीचा गोड पाव, बुडवत होता, असं माझ्या मनाने कधीच ठरवून टाकलं होतं. शहरातली नोकरी सोडून मी अंगणापलीकडच्या छोट्या घरात राहायला आले. लोक म्हणाले, मुलगी असावी तर अशी. खरं सांगायचं तर मी त्यांची काळजी घ्यायला आले होते तेवढीच पाळत ठेवायलाही.

खोकं आलं. आत एक पांढरं बटण, त्याला दोरी, आणि खिशात मावेल असा एक वाजणारा डबा. शनिवारी जेवणं झाल्यावर मी चष्मा लावून बसले.

"आधी डब्याला शिकवावं लागतं," मी म्हटलं. "मागची कळ दाबून धरायची. हिरवा दिवा लुकलुकायला लागला की गळ्यातलं बटण एकदा दाबायचं. मग डबा फक्त ह्याच बटणाचं ऐकतो."

"तुझ्यापेक्षा हुशार निघाला."

पहिल्यांदा मी बटण उशिरा दाबलं, दिवा विझून गेला. दुसऱ्यांदा डबा लांबलचक किंचाळला. शिकला. त्याच्यात निरनिराळे आवाज होते, त्यातला एक निवडायचा होता. चिमण्यांचा एक होता, एक वॉल्ट्झची चाल होती. बाबांनी सगळे ऐकले आणि सगळ्यात कर्कश तो निवडला.

"हा कशाला? कुत्र्याचं शेपूट दारात सापडल्यासारखा आहे."

"हा लांबवर जाईल."

आम्ही पडताळून पाहिलं. बाबांनी त्यांच्या झोपायच्या खोलीतून दाबलं, माझ्या स्वयंपाकघरात वाजलं. लाकडाच्या खोपीतून दाबलं, तरी दोन भिंती ओलांडून ठणठणीत वाजलं. माझं समाधान झालं. बाबांचं झालं नाही.

"आता सौना," ते म्हणाले. "बटण तू घे. डबा मी घेतो."

"उलटं होतंय, बाबा. पडणार तुम्ही, धावणार मी."

"आज तू पड." आणि डबा जॅकेटच्या खिशात टाकून ते धक्क्याकडे निघालेसुद्धा.

"होडीत कशाला?"

"जाळी बघायचीत."

"जाळी तुम्हीच धुऊन वाळत टाकलीत ना? ती काय खोपीवर लोंबतायत!"

त्यांनी खोपीकडे पाहिलंही नाही. "थांबलो की टोपी काढीन. तेव्हा दाब," म्हणाले आणि वल्ही घेतली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. डबा घेऊन हा माणूस सरळ एल्वीकडे चालला होता, आणि त्याची परीक्षा मी माझ्या हाताने करून द्यायची होती. पलीकडून हाक मारली की इकडे कुणी धावायचं, इकडून मारली की तिकडून कुणी, असं काही दोघांनी ठरवलं असणार. म्हटलं, जा. एकदा डोळ्यांनी बघते, मग बोलते. सहा वर्षांचं सगळं आजच बोलून टाकते.

सौनाच्या बाहेरच्या खोलीत गेले. चूल नुकती पेटवलेली होती, लाकडांचा वास होता. त्या खोलीत मी एरवी थांबत नाही, कपडे काढते आणि आत जाते. आज खिडकीशी उभी राहिले. छोट्या काचेतून तळं दिसत होतं. होडी नाकासमोर एल्वीच्या लाल बोटघराच्या दिशेने चालली होती. तिच्या धुराड्यातून धूर येत होता, म्हणजे कॉफी चढलेली होती. "जा, जा," मी काचेला म्हटलं.

बोडक्या बेटाशी होडी वळली आणि थांबली.

बाबांनी वल्ही आत घेतली. एल्वीच्या घराकडे त्यांची पाठ होती. ते आमच्या सौनाच्या धुराड्याकडे बघत होते. मग त्यांनी टोपी काढली, खिशातून डबा काढला आणि दोन्ही हातांनी कानाशी धरला.

तेव्हा मला कळलं. त्यांना स्वतःसाठी बटण नकोच होतं. त्या दिवशी आईच्या गळ्यात हे असतं तर तिथे, त्या बेटाशी, आपल्याला ऐकू आलं असतं का, एवढंच त्यांना हवं होतं. आणि तिथेच होते ते. सहा वर्षं मी ज्या टेबलाशी त्यांना बसवून ठेवलं होतं, तिथे ते कधी बसलेच नव्हते. माझी मलाच लाज वाटली.

अंगठा बटणावर होता. दोन भिंती ओलांडून वाजलेली घंटा उघड्या पाण्यावरून नक्कीच वाजली असती. मी आई पडली होती त्या फरशीवर उभी होते. अंगठा काढला आणि बटण खुंटीला टांगून ठेवलं. नकोच वाजायला, म्हटलं. पोचत नाही असं कळलं की म्हातारा आज रात्री तरी नीट झोपेल.

ते बराच वेळ तसेच बसले. मग टोपी घातली आणि वल्हवत परत आले. मी बटण घेऊन धक्क्यावर गेले आणि दोर धरला. तोंडात खोटं तयार होतं, दाबलं होतं बाबा, पुन्हा पुन्हा दाबलं.

"वाजलं," ते म्हणाले.

खोटं बोलतायत, असं पहिल्यांदा मनात आलं. संशयाची सवय काही एका दुपारीत सुटत नाही. मग त्यांचा चेहरा पाहिला, तो खोटं बोलणाऱ्याचा नव्हता.

"चांगलं स्पष्ट वाजलं," ते होडीतच बसून म्हणाले. "त्या दिवशी मी अर्धं जाळं ओढलं होतं. वर पाहिलं तर सौनाचं धुराडं थंड. तुझी आई कधी चूल विझू द्यायची नाही. जाळं तसंच पाण्यात सोडलं आणि आलो. घंटा असती तर धूर बघायची वेळ आली नसती. मी नको म्हटलं होतं ना नर्सबाईंना."

"बाबा," मी म्हटलं, "मी दाबलंच नाही."

"वाजलं की."

"नाही वाजलं. शपथ. बटण खुंटीला होतं."

त्यांनी हातातल्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी होडीत उतरले, बटणाची दोरी त्यांच्या टोपीवरून गळ्यात घातली आणि डबा माझ्याकडे घेतला. जसं असायला हवं तसं. त्यांनी बटण चाचपलं आणि दाबलं. डबा माझ्या हातात किंचाळला. पलीकडे एल्वीचा कुत्रा भुंकायला लागला. बाबा मान कलती करून आवाज थांबेपर्यंत ऐकत राहिले.

"नाही," ते म्हणाले. "त्या दिवसापासून मला ऐकू येतो तो हा आवाज नाही."

कोणता येतो, ते मी विचारलं नाही. त्यांच्या शेजारी फळीवर बसले. सौनातली चूल विझायला आली असणार, पण आम्ही दोघंही लाकडं घालायला उठलो नाही.