बिस्किटाचा तुकडा

चौकातल्या प्रत्येक दुकानाने ताईंना आपापल्या परीने वाटेला लावलं होतं. औषधवाला गल्ल्यावरूनच ओरडायचा, "कुत्रा बाहेर बांधा!" कापडवाल्याने तर कुत्र्याचं चित्र काढून त्यावर लाल फुली मारलेली पाटीच दारावर ठोकली. ताईंना दिसत नाही, कुत्रा त्यांना वाट दाखवतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण गिऱ्हाईक बिचकतं, या सबबीपुढे कुणाचं काही चालत नव्हतं.

किराणा दुकानाच्या काकांनी मात्र पहिल्याच दिवशी दार सताड उघडलं, आणि तेव्हापासून ही गोष्ट ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत सुटले. "आमच्याकडे दोघांनाही मान!"

"पुरे आता ढोल बडवणं," काकू डाळ निवडता निवडता म्हणायच्या.

ताईंनी तेव्हाच बजावलं होतं. "काका, एवढंच सांभाळा. याला हाक मारू नका, हात लावू नका, खायला तर अजिबात देऊ नका. पट्टा चढला की तो कामावर असतो."

"छे छे ताई, मी कशाला देतोय!"

आणि त्याच आठवड्यात त्यांनी दिलं. ताई गल्ल्यासमोरच्या पोत्यात हात घालून तांदूळ बोटांवर चोळून बघत होत्या. काकांनी खिशातून बिस्किटाचा तुकडा काढून हळूच खाली धरला. कुत्र्याने आवाज न करता तो गट्टम केला. काका हरखूनच गेले. दिवसभर राबतं बिचारं, मुक्या जिवाला कोण विचारतं? मग ते रोजचंच झालं. काकूंनी एकदा पाहिलं, तर काकांनी ओठांवर बोट ठेवलं. मध्यंतरी ताईंनीही सहज विचारलं, "याला काही देत नाही ना?" काका म्हणाले, "छे, नावच नका काढू."

चार महिन्यांनी एका सकाळी बाहेर गाडीचा ब्रेक करकचून लागला. सिग्नलपाशी थांबायचं सोडून कुत्र्याने ताईंना भर रस्त्यातून थेट दुकानाकडे ओढलं होतं. गाडी वीतभर अंतरावर थांबली, पण ताई पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. काका धावले, त्यांनी ताईंना उचललं. कुत्रा त्यांचा खिसा हुंगत होता. काकांनी खिसा मुठीत दाबून धरला.

दहा दिवसांनी ताई आल्या त्या हाताला प्लास्टर घालून, कुत्र्याला शिकवणाऱ्या बाईंना सोबत घेऊन.

"याला कुठेतरी काहीतरी मिळतंय," बाई म्हणाल्या. "कुठे ते कळलं तर सवय मोडता येईल. नाही कळलं, तर याला कायमचं परत न्यावं लागेल."

"इथे नाही हो," ताई चटकन म्हणाल्या. "अख्ख्या चौकात यांनीच आम्हाला आत घेतलं. काकांनी मला शब्द दिलाय."

काकूंनी मान वर केली नाही. कुत्रा गल्ल्याच्या ठरलेल्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि काकांच्या खिशाकडे बघू लागला. गप्प बसलो तर हा जाणार, आणि बोललो तर माझी अब्रू. काका गल्ल्यामागून बाहेर आले.

"मीच देत होतो," ते म्हणाले. "रोज. एकच तुकडा."

ताई आवाजाच्या दिशेने वळल्या. मग त्यांनी विचारलं, "माझ्या पाठीमागे द्यायचात, की समोरच?"

"समोरच," काका कसेबसे म्हणाले. इतकी शरम त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

कुत्रा राहिला. पण बाईंनी सक्त ताकीद दिली, की या दुकानात त्याने पुन्हा पाऊल टाकायचं नाही, आणि काका त्याला दिसता कामा नयेत, की त्यांचा आवाज त्याच्या कानावर पडता कामा नये.

आता ताई पलीकडच्या फुटपाथवर थांबतात आणि काकू रस्ता ओलांडून पिशवी देऊन येतात. कापडवाला परवा हसत म्हणाला, "काय काका, शेवटी तुम्हीही बंदी घातलीत!" ताई पलीकडे आल्या होत्या आणि कुत्रा मान वळवून दुकानाकडे बघत होता. काका लगबगीने आत गेले आणि तो नजरेआड होईपर्यंत तांदळाच्या पोत्यामागे वाकून बसले.